अख्ख्या रिक्वेस्टभोवती एकच ट्रान्झॅक्शन: ठेवावं की काढावं?

उंबरठा
वेबसाइटकडे रिक्वेस्ट आली की डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्रच टिकणाऱ्या किंवा एकत्रच मागे फिरणाऱ्या क्वेरींचा गट) उघडायचं, उत्तर तयार झालं की कमिट (बदल कायम), मध्येच एक्सेप्शन (चूक) आलं तर रोलबॅक (सगळं मागे). जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स ही सेटिंग चालू केली की हेच होतं. माझं ठाम मत: हे बंद करावं. ज्या तीन-चार क्वेरी एकत्रच टिकायला किंवा एकत्रच मागे फिरायला हव्यात, तेवढ्यांभोवतीच ट्रान्झॅक्शन असावं.

हिशेब बघा. पीजीबाउन्सर (पोस्टग्रेस डेटाबेसची कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत कनेक्शन अडकलेलं; पूलमध्ये १० कनेक्शन. ऑर्डर टाकली, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पेमेंट गेटवेला कॉल केला, त्याने २ सेकंद घेतले. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५ ऑर्डरी, आणि डेटाबेस नुसता बसून. तेच ट्रान्झॅक्शन ५० मिलिसेकंदांत संपवलं तर २००. शिवाय स्टॉकच्या ओळीवरचं लॉक (ती इतरांना बदलू न देणारं कुलूप) ते २ सेकंद सुटत नाही.

पक्की_गाठ
असहमत. गेटवेचा कॉल आत नको, हे मान्यच. त्या एका व्ह्यूला (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनला) नॉन_ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स लावून वगळा. त्यासाठी सगळीकडचं संरक्षण का काढायचं? हद्द हाताने आखायची म्हटली की कुणीतरी विसरतोच, आणि ऑटोकमिटमध्ये (प्रत्येक क्वेरी लगेच कायम होते तेव्हा) विसरलं की मध्येच चूक आल्यावर ऑर्डर साठवलेली राहते, तिच्यातल्या वस्तू साठवल्या जात नाहीत. साइट हळू झाली तर लगेच दिसतं. अर्धवट डेटा मात्र महिन्यांनी, हिशेब जुळेनासा झाल्यावर सापडतो.

उंबरठा
संरक्षण वाटतं तेवढं नाही. एक्सेप्शन व्ह्यूच्या बाहेर पडलं तरच जँगो रोलबॅक करतं. तुम्ही चूक पकडून ४०० स्टेटसचं ('रिक्वेस्ट चुकीची') उत्तर दिलंत, तर तोवर लिहिलेलं सगळं कमिट! उलट, फसलेल्या लॉगिनची नोंद करून एक्सेप्शन फेकलं तर ती नोंदही जाते. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधल्या ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशनमध्येही अशीच गोम आहे: रनटाइम एक्सेप्शन आणि एररवर रोलबॅक, चेक्ड एक्सेप्शनवर (जे हाताळायला जावा भाग पाडते) मात्र कमिट.

तिसरा_थर
रिट्रायबद्दल, म्हणजे फसलेलं ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवण्याबद्दल, दोघंही बोलत नाही आहात. पोस्टग्रेसमध्ये सिरियलायझेबल (ट्रान्झॅक्शन जणू एकामागून एक चालली असा निकाल देणारी सर्वांत कडक पातळी) वापरलं तर ४०००१ ही एरर येणारच, डेडलॉकला (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकली की) ४०पी०१. दोन्ही वेळा आधी वाचलेल्या क्वेरींसकट पूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून चालवावं लागतं. ते रिक्वेस्टभर पसरलेलं असेल आणि मध्ये ईमेल गेला असेल, तर तो दोनदा जाणार.

इनोडीबीत (मायएसक्यूएल डेटाबेसच्या स्टोरेज इंजिनमध्ये) वेगळाच सापळा आहे. लॉकची वाट बघून ५० सेकंदांनी एरर येते, तेव्हा डीफॉल्टनुसार फक्त ती क्वेरी मागे जाते. ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. एरर गिळून कमिट केलंत की अर्धवट डेटा तयार. पक्की_गाठ, इथे रिक्वेस्टभोवतीचं कुंपणही कामाचं नाही.

पक्की_गाठ
रिट्रायचा मुद्दा बरोबर. पण ईमेल जँगोच्या ऑन_कमिटमध्ये (कमिट झाल्यावरच चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये) टाका, प्रश्न मिटतो.

उंबरठा
मिटत नाही. कमिट आणि कॉलबॅक यांच्यामध्ये प्रोसेस मेली तर ईमेल कायमचा गेला. आउटबॉक्स टेबल (पाठवायच्या संदेशांची यादी) हवं: त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ घाला, वेगळ्या वर्करने (मागे चालणाऱ्या प्रोसेसने) ती 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड'ने, म्हणजे दुसऱ्याने लॉक केलेल्या ओळी वगळून, उचलावी आणि ईमेल पाठवावा.

पेमेंटला दोन छोटी ट्रान्झॅक्शन करा. पहिल्यात ऑर्डर 'प्रलंबित' आणि आयडेम्पोटन्सी की (तीच मागणी पुन्हा गेली तरी गेटवेने ती एकदाच धरावी म्हणून दिलेली खूण) साठवून कमिट. मग कॉल. दुसऱ्यात स्थिती अजून 'प्रलंबित' असेल तरच अपडेट, आणि बदललेल्या ओळींची संख्या १ आली का ते तपासायचं. मध्येच प्रोसेस पडली तर एक जॉब अडकलेल्या ऑर्डरी त्याच कीने गेटवेला विचारतो.

पक्की_गाठ
पेमेंटपुरतं पटलं. प्रोफाइल बदलण्याच्या फॉर्मला एवढा पसारा नको. तिथे माझा डीफॉल्ट राहील. जोडीला पोस्टग्रेसचं आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट (उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये नुसतं बसलेलं सेशन तोडण्याची मुदत), जे मुळात ० म्हणजे बंद असतं, ते ५ सेकंद करावं. बाहेरचा रेंगाळणारा कॉल चुकून आत राहिला तर सेशनच तुटेल आणि चूक टेस्टमध्ये दिसेल.

उंबरठा
टेस्टमध्ये गेटवे नकली असतो, तो ५ सेकंद घेणारच नाही. नकली गेटवेच्या सुरुवातीलाच जँगो कनेक्शनचं इन_ॲटॉमिक_ब्लॉक (ट्रान्झॅक्शन चालू आहे का) तपासा, खरं निघालं तर एक्सेप्शन फेका. फक्त ही टेस्ट जँगोच्या ट्रान्झॅक्शनटेस्टकेस या क्लासमध्ये लिहा. साधी टेस्टकेस स्वतःच ॲटॉमिकमध्ये (ट्रान्झॅक्शनच्या आत) चालते, तिथे हे कायम खरंच येईल.