'गव्हर्निंग बॉडी'ला मराठीत काय म्हणायचं?

कोरी पाटी: मंडळी, अडलोय. गिर्यारोहण, कयाकिंग वगैरे शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या पुस्तिकेचं भाषांतर करतोय आणि पानापानावर 'नॅशनल गव्हर्निंग बॉडी' आहे. म्हणजे त्या खेळाचे नियम ठरवणारी, राष्ट्रीय संघ निवडणारी, पंच-प्रशिक्षकांच्या परीक्षा घेणारी देशातली मान्य संस्था. मी बिनधास्त 'राष्ट्रीय शासकीय संस्था' लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलंय, 'सरकारी आहे का?' नाही ना! मेख तीच आहे. या संस्था सहसा सरकारच्या नसतात, सभासदांच्या असतात. मग 'प्रशासक मंडळ' चालेल?

आडवातिडवा: प्रशासक अजिबात नको. आपल्या भाषेत प्रशासक येतो तो निवडून आलेलं मंडळ गेल्यावर. २०२२ मधलं भारतीय फुटबॉलचं प्रकरण आठवा. सर्वोच्च न्यायालयाने महासंघावर प्रशासकांची समिती नेमली, आणि ऑगस्टमध्ये फिफाने त्रयस्थांचा हस्तक्षेप झाला म्हणून महासंघालाच निलंबित केलं. समितीचा अधिकार संपवल्यावर पंधरवड्याच्या आत निलंबन उठलं. तुमचा शब्द नेमका ती संस्था ठप्प झाल्याची खूण आहे.

जोडाक्षर: 'नियामक मंडळ' असताना एवढी खटपट कशाला? क्रिकेटचं नियामक मंडळ रोज पेपरात असतं.

तिसरा पंच: ते 'बोर्ड ऑफ कंट्रोल'चं भाषांतर आहे. 'नियामक' म्हटलं की मला विजेचे दर ठरवणारा आयोग दिसतो. नियामक बाहेर उभा राहून लक्ष ठेवतो, आयोग काही स्वतः वीज विकत नाही. इथे एकच संस्था नियम करणार, संघ निवडणार, स्पर्धा भरवणार, प्रायोजक आणणार आणि वर खेळाडूवर कारवाईही करणार. नियामकपणा हा त्यातला चतकोर. सरळ 'महासंघ' लिहा.

संस्कृतात नापास: महासंघाला माझं मत. संघ = सम् + हन्. हन् म्हणजे मारणे, ठोकणे. पंडित म्हणतील इथे एकत्र ठोकून घट्ट करणे असा अर्थ आहे. म्हणोत बापडे. ज्याने एखाद्या महासंघाची वार्षिक सभा पाहिलीय त्याला व्युत्पत्ती कळलेली असते.

आडवातिडवा: :) पण महासंघ म्हणजे संघांचा संघ. ब्रिटनच्या गिर्यारोहण परिषदेत क्लब सभासद आहेत तसा एकटादुकटा चढाईवालाही आहे. त्याला महासंघ कसं म्हणणार? आणि इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नावात तर देशच नाही. १८६३ मध्ये स्थापली तेव्हा दुसरी होतीच कुठे वेगळं ओळखायला!

जोडाक्षर: त्याच 'असोसिएशन'मधल्या 'सॉक'ला शेपूट लावून 'सॉकर' झालं हो. संस्थेचं नाव खेळाला चिकटलं. अवांतर आहे, पण राहवलं नाही.

मोडीवाली: सगळे उसन्या शब्दांत अडकलात. गव्हर्न मुळात ग्रीक, अर्थ जहाज हाकणे. आपल्याकडे अस्सल शब्द आहे, सुकाणू. 'राष्ट्रीय सुकाणू मंडळ' करा की.

तिसरा पंच: ताई, तुमचं अस्सल सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आलंय.

मोडीवाली: आलं आणि घरचं झालं. फेडरेशन अजून उंबऱ्याबाहेर आहे.

दोरगाठ: उंबऱ्याबाहेर? आत येऊन पाय पसरून बसलंय. वीस वर्षं चढाई करतोय, आमच्यात महासंघ कोणी तोंडातून काढत नाही. 'फेडरेशनचं कार्ड आहे का?', 'फेडरेशनने कोर्सला मान्यता दिली का?' असंच बोलतात.

मूळ प्रश्नातली खरी अडचण मात्र शब्दाची नाही. फुटबॉलला संस्था नियम देते हे ठीक. डोंगराला कसले नियम देणार? तिथे ना पंच ना शिट्टी. माझ्या दोराच्या टोकाला जागतिक गिर्यारोहण महासंघाचा (यूआयएए, स्थापना शामोनी, १९३२) शिक्का आहे. त्या शिक्क्यासाठी एकेरी दोराला ८० किलोचं वजन बांधून वरून सोडतात, आणि दोराने असे निदान ५ झटके सोसावे लागतात. देशोदेशीच्या संस्था प्रशिक्षण, विमा, कड्यापर्यंत जायच्या वाटेसाठी जमीनमालकाशी बोलणी असली कामं करतात. याला 'गव्हर्न' म्हणायचं? मी तर 'पाठीशी उभं राहणं' म्हणेन.

आडवातिडवा: आणि स्पर्धेतली चढाई २००७ पासून वेगळ्याच आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आहे. एकाच खेळाची दोन बिऱ्हाडं.

पुतणीची आत्या: तुम्ही शब्द तासताय, आम्ही भोगलंय. पुतणीकडे राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र, सोनेरी कडा, तीन सह्या, सगळं. प्रवेशाच्या वेळी कळलं, त्या खेळाच्या दोन 'राष्ट्रीय' संघटना आहेत आणि आमची ती मान्यता नसलेली. नावात राष्ट्रीय दोघींच्याही! खिडकीतल्या माणसाने प्रमाणपत्र उलटंपालटं करून परत सरकवलं. म्हणून सांगते, मंडळ लिहा नाहीतर महासंघ, आधी 'मान्यताप्राप्त' हवंच.

तिसरा पंच: हे पटलं. पण कोणाची मान्यता? आंतरराष्ट्रीय संघटनेची की सरकारची?

पुतणीची आत्या: तेच तर आम्हाला कोणी सांगितलं नाही.

कोरी पाटी: आभार. 'मान्यताप्राप्त राष्ट्रीय क्रीडा संघटना' लिहू म्हणतो. बाईंना लांब वाटेल. आता याच वाक्यात पुढे 'आउटडोअर रिक्रिएशन' आहे. 'मैदानी मनोरंजन' केलंय.

दोरगाठ: अहो, कडा हे मैदान नव्हे!

जोडाक्षर: मैदानी मनोरंजन म्हणजे तंबू ठोकून तिकिटावर दाखवतात ते. 'विरंगुळा' घ्या.

मोडीवाली: विरंगुळा केंद्रं ज्येष्ठ नागरिकांची असतात. कड्यावर लोंबकळणारा माणूस विरंगुळा करत नसतो.

दोरगाठ: करतो की. रविवारी तेवढंच तर करतो.

संस्कृतात नापास: विरंगुळ्यात 'रंग' आहे का? म्हणजे वि + रंग? कोणाकडे जुना कोश असेल तर बघा.

मोडीवाली: माझा कोश माळ्यावर आहे. उद्या काढते.

पुतणीची आत्या: आणि मान्यता कोणाची ते कोणी सांगणार आहे का?