अनुभव धागा : आपला छोटा फुटबॉल क्लब, आणि त्याचं पुढं काय व्हावं?

मोठ्या क्लबांवर गप्पा मारायला जागा भरपूर आहेत. हा धागा ज्यांचा संघ टीव्हीवर दिसत नाही त्यांच्यासाठी. 2025 च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचा, पुढचा हंगामच थांबवून ठेवल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरात वाद पेटला : वरचं छप्पर उडालं तर खालच्यांचं काय? भाऊ म्हणाला, खालच्यांना छप्पर होतं कधी?

तर लिहा. क्लब कुठला, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याचं काय व्हावंसं वाटतं. "चषक मिळावा" एवढंच असेल तरी चालेल, पण कसा ते सांगा. राग काढायचा असेल तर नावं टाळा.

पेठेतला पोरगा :
कोल्हापूर. आमची तालीम वरिष्ठ गटात आहे, पण पीटीएम, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस यांच्यामागं जशी गर्दी धावते तशी आमच्यामागं नाही. सोळा संघांच्या यादीत आम्हाला खालून मोजणं सोपं पडतं.

बाहेरच्यांसाठी सांगतो, इथं क्लब म्हणजे तालीम. आखाडा, गणपती, फुटबॉल, सगळं एकाच दाराआड. संघ कुणी निवडत नाही. ज्या गल्लीत जन्मलात तो तुमचा. लग्न होऊन आलेल्या सुनाही वर्षभरात सासरच्या संघाच्या होतात. (माझी बायको अजून माहेरच्या गोलला टाळ्या वाजवते, तो विषय वेगळा.)

पैसा येतो वर्गणीतून, पेठेतल्या दुकानदारांकडून आणि एखाद्या इच्छुक नगरसेवकाकडून. निवडणूक जवळ आली की किट नवं, झाली की तेच पुढची दोन वर्षं. मध्यंतरी सगळ्यांनीच बाहेरचे खेळाडू आणायचा सपाटा लावला, नायजेरियन फॉरवर्ड पण आले. बघायला लई मजा आली, खोटं कशाला बोलू. पण जमलेला सगळा पैसा त्यांच्या मानधनात जायचा आणि पेठेतलं पोरगं बाकावर बसायचं. बाकावर बसून कंटाळलं की ते सेल्समनची नोकरी धरायचं. तिथं खेळाडू संपला.

माझी मागणी साधी आहे. अकरातले आठ पेठेतले असावेत. चौदा वर्षांखालचा संघ असावा आणि त्याला बारा महिने कोच असावा, नुसता हंगामापुरता नव्हे. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला तेव्हा आम्ही तालमीत टीव्ही लावून बसलो होतो. समोर अमेरिका. 0-3 हरलो, तरी कुणी उठलं नाही. पण त्यालाही पुढं जायला कोल्हापूर सोडावं लागलं. पुढच्याला शक्यतो इथंच सगळं मिळावं.

आणखी एक, जरा जड जातंय. शाहू स्टेडियमवर ईर्षा पाहिजेच, ती नसेल तर लोक घरी झोपतील. पण मॅच संपल्यावर रस्त्यावर दगड कशाला? एका सामन्याला लेकीला घेऊन गेलो होतो, गेटाबाहेर पळापळ झाली. संघ सांगत नाही, त्यात आमचेही असतील. तेव्हापासून ती मोबाईलवर इंग्लंडची लीग बघते. ती परत ग्राउंडवर आली तर मला चषक नसला तरी चालेल. म्हणजे असला तर बरंच.

माहेरवाशीण :
वरच्या वहिनींना पूर्ण पाठिंबा. माहेरचा संघ सुटत नसतो भावा!
माझं एकच म्हणणं. शाळेपर्यंत पोरी झकास खेळतात, मग दहावी येते आणि बूट माळ्यावर जातात. तालमीच्या नावानं मुलींचा संघ उतरू दे. जर्सी तीच, वर्गणीही तीच.

बालेवाडीचा अनाथ :
पुणे. मी क्लब कधी बदलला नाही, क्लबच निघून गेले. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली वरची लीग) दुसरा आला होता, गोव्याच्या चर्चिलच्या मागोमाग. पुढं तीन वर्षांत सीनियर संघ गुंडाळला. भारत एफसी एकच हंगाम टिकला, 2014-15. डीएसके शिवाजीयन्स 2017 पर्यंत. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये आटोपलं आणि आयएसएलमधली ती जागा हैदराबादला गेली. कपाटात चार जर्सी आहेत, घालून जायला मैदान नाही.

प्रत्येक वेळी कारण निराळं सांगितलं गेलं. माझ्या मते दुखणं एकच : तिकिटातून खर्चाचा कोपराही निघत नाही, मैदान भाड्याचं, आणि सगळा डोलारा एका मालकाच्या मर्जीवर. म्हणून आता मला मोठा मालक नकोच. हजार जणांनी वर्षाला दोन-दोन हजार काढले तर वीस लाख होतात. त्यात आय-लीग होत नाही, पण जिल्हा लीगच्या खालच्या गटात संघ नक्की उतरतो.

प्लाउ लेनकर :
पुणेकर, हे करून दाखवलेले लोक माझ्या शेजारी राहतात. मे 2002 मध्ये तीन जणांच्या आयोगानं लंडनच्या विंबल्डन एफसीला दूरच्या मिल्टन कीन्स शहरात हलायची परवानगी दिली. समर्थकांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, एएफसी विंबल्डन. खेळाडूंची चाचणी चक्क विंबल्डन कॉमनच्या मोकळ्या गवतावर घेतली आणि इंग्लंडच्या लीगांच्या उतरंडीत नवव्या पायरीपासून सुरुवात केली. 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींत, आले, नोव्हेंबर 2020 मध्ये प्लाउ लेनवर स्वतःच्या मैदानात. बांधकामाला पैसा कमी पडला तेव्हा समर्थकांनीच रोखे घेऊन क्लबला कर्ज दिलं. मालकीचा मोठा वाटा समर्थकांच्या डॉन्स ट्रस्टकडे, तिथं एका सभासदाला एक मत. मे 2025 मध्ये वेम्बलीवर वॉल्सॉलला 1-0 नमवून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, गेलो.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. सहकार कसा उभा राहतो आणि कसा पोखरला जातो, दोन्ही बघितलंय. त्यामुळे मला वरच्या श्रेणीची घाई नाही. उद्या कुणी गडगंज माणूस मालकी मागायला आला, तर आमची सभा "नको" म्हणेल का, एवढीच धाकधूक. म्हणावी.

फोंड्याहून :
गोव्यात भात कापलं की शेतात गोल उभे राहायचे आणि वाड्या-वाड्यांत सामने रंगायचे. आमचा क्लब त्यातलाच. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग सोडली तेव्हा गावात सुतक होतं. पाच वेळा देशाचा विजेता झालेला धेंपो 2024-25 मध्ये परत आला, याचा आनंद आहेच. पण आमची भीती वेगळी. ज्या शेतात खेळतो त्याला बांधकामवाल्यांचे भाव यायला लागलेत. मला फक्त एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबारा) पंचायतीचं नाव आणि पुढं "क्रीडांगण" असं लिहिलेलं हवंय.

पेठेतला पोरगा :
प्लाउ लेनकर, तुमचं वाचून तालमीची जुनी लेखी घटना (नियमावली) बाहेर काढली. एका सभासदाला एक मत आमच्यातही लिहिलंय की! फक्त मतदान कधी झाल्याचं कुणाला आठवत नाही. रविवारच्या बैठकीत विषय काढतो. पहिला विरोध चुलत्यांचा येणार, अध्यक्ष तेच आहेत.