शक्तितुलनेची परिभाषा: मोजमाप की मोजमापाचा आव?

शंकेखोर (मूळ धागा)

काल्पनिक पात्रांपैकी कोण कोणाला हरवील, यावर वाद घालणाऱ्या चाहत्यांनी गेल्या काही दशकांत स्वतःची परिभाषाच उभी केली आहे. पात्राने कथेत प्रत्यक्ष करून दाखवलेला पराक्रम म्हणजे ‘फीट’, त्याच्याविषयी कोणीतरी केलेले विधान म्हणजे ‘स्टेटमेंट’, चित्रातली अंतरे मोजून मांडलेला ऊर्जेचा हिशेब म्हणजे ‘कॅल्क’, ताकदीला वळसा घालून थेट नियमच वाकवणारी क्षमता म्हणजे ‘हॅक्स’, आणि विजेत्याची किती दमछाक होईल हे सांगणारी ‘लो डिफ’पासून ‘एक्स्ट्रीम डिफ’पर्यंतची उतरंड. या सगळ्या शब्दांवर माझा सरसकट राग नाही. माझा आक्षेप ‘स्केलिंग’ (एकाच्या पराक्रमावरून दुसऱ्याची ताकद ठरवणे) आणि ‘टियर’ (‘डोंगर लेव्हल’सारखी ताकदीची पायरी) या दोनच शब्दांवर आहे, कारण बाकीचे शब्द कथेत काय घडले ते सांगतात, तर हे दोन शब्द कथेत न घडलेल्या गोष्टी पात्राच्या नावावर जमा करतात.

स्केलिंगची रीत सर्वांना ठाऊक आहे. एकाने डोंगर फोडला, दुसऱ्याने त्याला हरवले, म्हणून दुसराही डोंगर फोडू शकतो. तिसऱ्याने दुसऱ्याचा ठोसा झेलला, म्हणून तिसऱ्याचे शरीर डोंगर फोडणाऱ्या आघातालाही पुरून उरते. असे चार-पाच दुवे जोडले की ज्याने कथेत कधी साधी भिंतही पाडलेली नाही, तो ‘डोंगर लेव्हल’च्या रांगेत जाऊन बसतो, आणि हा बादरायण संबंध पुढच्या वादात पुरावा म्हणून वापरला जातो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. अकिरा तोरियामा यांच्या १९८४ ते १९९५ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेत म्हातारे गुरू रोशी युद्धकलेच्या एका स्पर्धेत चक्क चंद्र उडवून देतात. का, तर पौर्णिमेच्या चंद्राकडे पाहून नायक गोकू महाकाय वानर बनला आहे आणि त्याला आवरायचे तर चंद्रच नाहीसा करावा लागेल. प्रसंग विनोदी आहे आणि कथेची गरज म्हणून आलेला आहे. पुढे शक्ती मोजणारे ‘स्काउटर’ नावाचे यंत्र कथेत येते, तेव्हा याच रोशींचा आकडा भरतो १३९, तर त्यांचा शिष्य क्रिलिन याचा २०६. आता चंद्राचे कायमचे तुकडे करायचे तर त्याच्या गुरुत्वाकर्षणावर मात करायला सुमारे १.२ गुणिले १०चा २९वा घात इतके ज्यूल लागतात. सूर्याला तेवढी ऊर्जा बाहेर टाकायला साधारण साडेपाच मिनिटे लागतात. कॅल्क इथवर बिनचूक आहे. मग स्केलिंग येते आणि सांगते, की १३९च्या पुढचा प्रत्येक जण सूर्याची साडेपाच मिनिटे मुठीत घेऊन फिरतो. कथेत या पात्रांची हाणामारी पाहणाऱ्या कोणालाही हे पटणार नाही, तरीही पात्रांच्या यादीत ‘चंद्र लेव्हल’ हे लेबल दिमाखात मिरवते.

गंमत अशी की खुद्द कथेनेच या यंत्राची पुरेशी खिल्ली उडवली आहे. संतापलेल्या गोहानचा, म्हणजे गोकूच्या लहानग्या मुलाचा, आकडा एकाएकी १३०७वर उसळतो. नायक आपली शक्ती दडवून ठेवायला शिकतात आणि आकड्यावर विसंबलेले शत्रू पुन्हा पुन्हा फसतात. जी चूक कथेतल्या खलनायकांना महागात पडली, तीच आपण हौसेने करत आहोत.

मापाडी

धागा नेटका मांडला आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. स्केलिंग काढून टाकले तर मागे काय उरते, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. लेखक प्रत्येक पात्राकडून डोंगर फोडून घेत नाही, कारण तसे केले तर कथा कंटाळवाणी होईल. एकाने डोंगर फोडलेला दाखवायचा आणि पुढचा खलनायक त्याला एका हाताने लोळवतो असे दाखवायचे, ही कथनाची जुनी आणि सोयीची पद्धत आहे, आणि वाचकाने त्यातून नेमका तोच अर्थ काढावा अशी लेखकाची अपेक्षा असते. म्हणजे स्केलिंग ही चाहत्यांची करामत नसून वाचनाचाच भाग आहे. आपण फक्त त्याला नाव दिले.

बुद्धिबळात दोन खेळाडू कधीच समोरासमोर आले नसले, तरी समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या निकालांवरून त्यांची तुलना होते. अर्पाड एलो यांच्या नावाची ही गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७०मध्ये स्वीकारली. तिथे कोणी बादरायण संबंधाची तक्रार करत नाही.

शिवाय ही परिभाषा स्वतःचे लगामही बरोबर घेऊन आली आहे, त्यांचा उल्लेख तुम्ही टाळला आहे. पात्राच्या एरवीच्या कामगिरीशी न जुळणाऱ्या एखाद्याच पराक्रमाला आम्ही ‘आउटलायर’ म्हणतो, मर्यादा उघड करणाऱ्या प्रसंगाला ‘अँटी-फीट’ म्हणतो, आणि मर्यादा दाखवली नाही म्हणून ती नाहीच असे मानण्याला ‘नो लिमिट्स फॅलसी’ म्हणतो. रोशींचा चंद्र हा आउटलायर आहे, असे बहुसंख्य जाणकार केव्हाच म्हणून मोकळे झाले आहेत. तुम्ही परिभाषेचा सर्वात ढिसाळ वापर उचललात आणि परिभाषेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेत.

परिभाषेशिवायचा वाद कसा असतो याचा नमुना हवा असेल तर १९९६ची मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांची संयुक्त मालिका पाहावी. तिच्यातल्या पाच मुख्य लढतींचे निकाल वाचकांच्या मतांवर सोडले होते. मार्व्हलचा वुल्व्हरीन विरुद्ध डीसीचा लोबो ही त्यांपैकी एक. लोबो हा सुपरमॅनला टक्कर देणारा, कितीही जखमी झाला तरी पुन्हा उभा राहणारा गडी. पण वुल्व्हरीन अधिक लोकप्रिय, म्हणून जिंकला तो. दोघे बारच्या काउंटरमागे जातात आणि थोड्या वेळाने वुल्व्हरीन एकटा वर येतो. कसा जिंकला, हे दाखवण्याची सोयच नव्हती! मला असल्या कौलापेक्षा पाच दुव्यांची साखळी केव्हाही चालेल.

तळटीप

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट राहून गेली असे वाटते. योद्ध्यांची प्रतवारी ही काही चाहत्यांनी अलीकडे काढलेली टूम नव्हे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधनाने विचारल्यावरून भीष्म दोन्ही सैन्यांतील रथी, अतिरथी यांची गणना करतात, आणि कर्णाची पाळी येताच त्याला ‘अर्धरथ’ ठरवतात. कारणेही देतात: कवचकुंडले गेली, परशुरामांचा शाप आहे. द्रोण दुजोरा देतात. कर्ण संतापतो, आणि भीष्म जिवंत असेपर्यंत लढणार नाही असे सांगून बाजूला होतो.

आजच्या परिभाषेत बोलायचे तर भीष्मांनी अँटी-फीट्सवरून टियर खाली आणला. पण महाकाव्य तो टियर स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, ते भीष्मांच्या तोंडी घालते, आणि भीष्म आणि कर्ण यांचे किती पटत होते हे श्रोत्याला आधीच माहीत असते. त्यामुळे प्रतवारी आणि ती करणारा माणूस हे दोन्ही एकत्र कानावर पडतात. आपल्या याद्यांमध्ये मात्र प्रतवारी करणारा गायब होतो आणि लेबल तेवढे उरते. टियर असायला माझी हरकत नाही. तो कोणी, कोणत्या प्रसंगावरून आणि कोणाच्या प्रेमापोटी दिला हे त्याला जोडलेले असावे.

शंकेखोर

मापाडी, एलो पद्धतीचा दाखला तुम्ही दिलात ते बरे झाले, कारण तो माझ्याच बाजूने बोलतो. त्या पद्धतीत दोन खेळाडूंमध्ये २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूने शंभरांपैकी सुमारे ७६ गुण मिळवावेत एवढीच अपेक्षा असते. म्हणजे खालच्या खेळाडूचे विजय आकड्यात आधीच धरलेले असतात. हा आकडा अनेक डावांतून तयार होतो, प्रत्येक पराभवाने खाली येतो, आणि जे एकमेकांशी थेट किंवा आडवळणाने खेळले आहेत त्यांच्यापुरताच त्याला अर्थ असतो. स्केलिंगमध्ये एकच लढत घेतली जाते, तिचा निकाल कायमचा मानला जातो, आणि लाडक्या पात्राचा पराभव झाला तर त्यावर ‘जॉबिंग’चा शिक्का मारून तो हिशेबातून वगळला जातो, लेखकाने दुसऱ्याला मोठे दाखवण्यासाठी याला मुद्दाम हरवले, असे म्हटले की काम भागते. पराभवाने ज्याचा आकडा उतरत नाही, त्याला गुणांकन म्हणायचे कसे?

आउटलायरविषयीही तसेच. संख्याशास्त्रात हा शब्द वापरण्याआधी हातात भरपूर नोंदी असाव्या लागतात आणि एखादी नोंद किती दूर पडली म्हणजे वगळायची हे आधी ठरलेले असावे लागते. इथे एका पात्राचे मोठे पराक्रम असतात तीन किंवा चार, आणि त्यांतला कोणता वगळायचा हे निकाल पाहून ठरते. रोशींचा चंद्र तुमच्या लेखी आउटलायर, तर पुढे त्याच कथेतल्या पिकोलोनेही चंद्र उडवला म्हणून दुसऱ्या कोणाच्या लेखी तोच चंद्र सगळ्या इमारतीचा पाया. लगाम आहेत, पण प्रत्येकाने ते समोरच्याच्या घोड्यासाठी राखून ठेवले आहेत.

मितीवादी

चर्चा अजून डोंगर आणि चंद्र यांच्यातच घुटमळते आहे. खरा काटेकोरपणा वरच्या टियर्समध्ये आहे. शून्य जाडीची प्रतले एकामागून एक कितीही रचली तरी त्यांतून घनफळ तयार होत नाही. म्हणून त्रिमित वस्तू द्विमित वस्तूपेक्षा अनंतपटींनी मोठी ठरते. याच न्यायाने चतुर्मित पात्र त्रिमित पात्रापेक्षा अनंतपटींनी बलवान ठरते, आणि पाचव्या मितीतले त्याहून अनंतपटींनी. इथे चाहत्यांच्या आवडीनिवडीला वावच नाही, सरळ गणित आहे.

तळटीप

गणितच काढायचे तर पुरते काढू. रेषाखंडावर जितके बिंदू आहेत, नेमके तितकेच चौरसात आणि घनातही आहेत, हे गेओर्ग कँटर यांनी १८७७मध्ये सिद्ध केले आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की त्यांचा स्वतःचाही त्यावर चटकन विश्वास बसेना. म्हणजे मिती वाढली की बिंदूंची संख्या वाढते, हे गृहीतच चुकीचे आहे. प्रतलाचे घनफळ शून्य असते हे खरे. पण घनफळ म्हणजे ऊर्जा नव्हे आणि ऊर्जा म्हणजे विजय नव्हे. चौथ्या मितीतील प्राणी आपल्याला नक्की कसा मारील, त्याचा ठोसा किती ज्यूलचा असेल, याविषयी मितींची संख्या अवाक्षर सांगत नाही. कथेत कोणीतरी ‘मी उच्च मितीतून आलो आहे’ असे म्हणते, त्या एका स्टेटमेंटवर हा सगळा डोलारा उभा असतो.

मापाडी

मितीवादी यांच्याशी मीही सहमत नाही. ‘आउटरव्हर्सल’ (सगळ्या मितींच्याही पलीकडचा) यासारख्या टियर्सचा मी बचाव करणार नाही. पण त्या फुगवट्यापायी खालची कामाची हत्यारे फेकू नयेत.

सुपरमॅन घ्या. १९३८च्या पहिल्या अंकात तो उडत नाही. तो एक अष्टमांश मैल उडी मारतो, वीस मजली इमारत ओलांडतो, एक्स्प्रेस गाडीपेक्षा वेगाने धावतो, आणि फुटणाऱ्या तोफगोळ्यापेक्षा कमी ताकदीचे काही त्याच्या कातडीत शिरत नाही. पुढच्या दशकांत तोच ग्रह ढकलू लागला, आणि १९८६मध्ये त्याची कथा नव्याने सुरू केली तेव्हा ही ताकद जाणूनबुजून कमी केली गेली. ‘सुपरमॅन जिंकेल’ असे म्हणणारे दोघे दोन निराळ्या सुपरमॅनविषयी बोलत असतील तर वाद मिटणारच नाही. ‘आवृत्ती कोणती’, ‘कॅनन (अधिकृत मानली जाणारी कथा) काय’, ‘सगळ्या आवृत्त्या एकत्र करून बनवलेला कॉम्पोझिट चालेल का’ हे प्रश्न विचारायची शिस्त आम्हाला या परिभाषेनेच लावली. त्याच शिस्तीत स्केलिंगलाही मर्यादा घालता येईल: साखळी फार तर दोन दुव्यांची असावी आणि दोन्ही लढती एकाच आवृत्तीतल्या असाव्यात.

शंकेखोर

मी एकच दुवा मानीन, आणि त्यालाही त्या लढतीच्या अटी चिकटलेल्या हव्यात. कोण आधीच जखमी होते, कोणाला ‘प्रेप टाइम’, म्हणजे लढतीआधी तयारीला वेळ, मिळाला, कोणी जीव घेण्यासाठी लढत होते आणि कोणी हात राखून. सुपरमॅनला बॅटमॅनने क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याला दुर्बळ करणारे खनिज, वापरून नमवले, तर त्यातून बॅटमॅनची तयारी सिद्ध होते. त्याच्या हाडांची मजबुती सिद्ध होत नाही. इतक्या अटींसह लिहिलेल्या वाक्याला स्केलिंग म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, फक्त त्यातून ‘चंद्र लेव्हल’ हे लेबल निघणार नाही.

मापाडी

मग दोन वेगळ्या कथाविश्वांतील पात्रे समोरासमोर उभी करायचा प्रश्न तुम्ही अनुत्तरितच सोडता आहात. त्यांच्यात एकही समान प्रतिस्पर्धी नाही, एकही समान अट नाही. तुलना करायची तर ज्यूल, वेग आणि वस्तुमान याच भाषेत करावी लागेल, आणि पात्राने स्वतः काही फोडले नसेल तर तो आकडा साखळीतूनच आणावा लागेल. आमच्या वादांतील निम्मी मजा अशाच लढतींत आहे. त्या बाद ठरवायच्या असतील तर तसे स्पष्ट म्हणा. परिभाषेला बोल लावू नका.