उन्हाळ्यात लेकरांना घेऊन नागपूरला येणाऱ्यांसाठी : अनुभव धागा

धरमपेठची_लेक (डॅलस)
आज इथल्या भारतीय दुकानात वाळ्याच्या जुड्या विकायला आलेल्या दिसल्या आणि मे महिन्यातली दुपार, कूलरचा पहिला ओला झोत, सगळं एकदम नाकात शिरलं. तिकिटं काढायचे हेच दिवस आहेत, म्हणून धागा काढतेय. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा.

सुरुवात तारखांपासून. बाकी महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पण विदर्भात उन्हामुळे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. मामा-मावशीकडची भावंडं साधारण २० जूनपर्यंत मोकळी असतात. टेक्सासमध्ये मेअखेर शाळा संपते, त्यामुळे जूनचे तीन आठवडे मुलं एकमेकांना मिळतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्कवाल्यांची शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालते. ती मंडळी पोचतात तेव्हा इकडे दप्तरं भरणं सुरू झालेलं असतं. त्यांनी आल्या आल्या पहिला आठवडा भावंडांसाठीच ठेवावा, लांबचे नातेवाईक नंतर.

आणखी एक. २५ मे ते २ जून नवतपा. लहान लेकरू असेल तर तेवढे नऊ दिवस टाळता आले तर टाळा. पारा ४५ च्या वर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच राहतात.

दोहाकर_वऱ्हाडी
आखातवाल्यांचं गणित वेगळं जी. आमची सुट्टी जुलै-ऑगस्ट, म्हणजे इकडे पाऊस आणि सगळ्यांच्या शाळा. भावंडं संध्याकाळी पाचनंतरच भेटतात. दिवसभर आजी-आजोबा आणि लेकरं, एवढंच घरात. ते वाईट नाही, पण तशी तयारी पाहिजे.

वाघ दाखवायचा असेल तर लक्षात ठेवा, ताडोबा आणि पेंचचा कोअर (आतला) भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. बफरमधल्या (भोवतीच्या जंगलातल्या) काही फेऱ्या चालू राहतात, पण पावसात गवत वाढतं, पाणी सगळीकडे असतं, जनावर पाणवठ्यावर यायची गरजच उरत नाही. मे-जूनमध्ये दिसतं ते त्याला पाणवठ्यावर यावंच लागतं म्हणून. बुकिंग ज्या ओळखपत्रावर केलं तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं. मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्यावरच बुकिंग करा.

आमचा फायदा एकच, पण मोठा. पोळा कधी ऑगस्टअखेर येतो. तसा आला तर दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबत आणि तान्हा पोळा पाहूनच परत जा. इतवारी-महालात काळी-पिवळी मारबत म्हणजे मोठाले पुतळे मिरवणुकीनं निघतात, लेकरं लाकडी बैल सजवून आणतात. बैल घ्यायचा तर चाकं हलवून पाहा, खिळा सैल असला की घरी येईपर्यंत चाक निखळतं.

पेटीवाला_काका
सामानाचं सांगतो. मुंबई-दिल्लीमार्गे येताय तर बॅगेवर नागपूरचा टॅग असला तरी पहिल्या भारतीय विमानतळावर बॅगा उचलून कस्टममधून न्याव्या लागतात, मग पुन्हा देशी विमानासाठी द्यायच्या. लेकरं सोबत असतील तर मध्ये चार तास तरी ठेवा. टर्मिनल बदलायचं असेल तर त्याहून जास्त.

घोळ होतो तो वेगवेगळ्या तिकिटांनी. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर सहसा आंतरराष्ट्रीय वजनच पुढे चालतं. देशी तिकीट वेगळं काढलं की बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो. २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसाला काउंटरवर किलोमागे पैसे मोजावे लागतात, तेही लेकरं रडत असताना. स्वस्त तिकिटाची बचत तिथंच संपते.

नागपूरला मेट्रोचं एअरपोर्ट स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलला लागून नाही. बॅगा आणि मुलं असतील तर मेट्रोचा विचार करू नका, कुणाला तरी गाडी घेऊन बोलवा.

कूलरवाला_नंदनवन
वाळ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. परदेशातून लेकरं यायच्या आधी आजी-आजोबांच्या घरचा कूलर कुणीतरी पाहिलाच पाहिजे. म्हाताऱ्या माणसांकडून ते होत नाही आणि ते सांगतही नाहीत.

पहिलं काम करंटचं. आपल्याकडे पत्र्याचे मोठे कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असतात. पत्रा, पाणी आणि जुनी वायर एकत्र आली की अंगात करंट उतरायला वेळ लागत नाही. तीन पिनांचा प्लग पाहिजे, आणि घराला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. नुसती तिसरी पिन दिसून उपयोग नाही. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळला की तो क्षणात लाइन तोडतो. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. बाहेरून आलेल्या लेकरांना हे माहीतच नसतं, ती थेट टाकीत हात घालतात. पहिल्याच दिवशी दाखवून सांगा.

दुसरं, घास. वूडवूलची घास दर हंगामाला बदलायची. नवी बसवली की पहिलं पाणी तांबूस येतं, ते फिरवून फेकून द्या, मग वास जातो. वाळ्याची टाटी सुगंधी, पण दाट बसवली तर हवा कमी येते. बाजूच्या दोन जाळ्यांना वाळा आणि मागे घास, हे जमून जातं. घासेच्या वर जी पन्हाळी असते तिची भोकं क्षारानं बुजतात. मग एका कोपऱ्यात पाणी पडतच नाही आणि तिथून गरम झळ खोलीत येते. लोक म्हणतात पंप गेला. पंप ठीक असतो, सुईनं भोकं मोकळी केली की झालं.

तिसरं, समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. दार लावून कूलर चालवला की खोलीत दमट कोंडतं आणि लेकरांना घामोळं उठतं. जूनच्या मध्यावर पाऊस आला की हवेतच ओल असते, पाणी उडत नाही, गारवा थांबतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

चौथं डासांचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा आणि आतून घासा. नुसतं पाणी काढलं तर अंडी पत्र्याला चिकटून कोरडी पडून राहतात, पाणी भरलं की पुन्हा जिवंत.

सोनू_मिनिसोटा
कूलरवाले काका, हे प्रिंट काढून बाबांच्या फ्रिजवर लावायला सांगते. अर्थिंग तपासायला कुणाला बोलवायचं?

कूलरवाला_नंदनवन
परवानाधारक वायरमन. मीटर घेऊन येणारा पाहिजे, नुसता टेस्टर लावून "ठीक आहे जी" म्हणणारा नको.

बालरोग_रामदासपेठ
लसींची चौकशी निघायच्या चार ते सहा आठवडे आधी करा. टायफॉइडचं इंजेक्शन निदान दोन आठवडे आधी झालेलं असावं. हिपॅटायटिस ए पाहून घ्या. सहा ते अकरा महिन्यांचं बाळ अमेरिकेतून येत असेल तर एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेला) जास्तीचा डोस आधी देतात, डॉक्टरांना आपणहून विचारा.

इथं येणाऱ्या मुलांच्या दोन तक्रारी असतात, ऊन आणि पोट. दोन्हीसाठी ओआरएस. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच घ्या. रंगीत खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त असते आणि जास्त साखरेनं जुलाब वाढतात. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात घालू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला धोका असतो. केलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. जुलाब झाल्यावर दर वेळी दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण करायचं.

उन्हात मूल बरळायला लागलं, अंग तापलेलं आहे आणि ते नीट उत्तर देत नाही, तर तो साधा ताप नाही. पॅरासिटामॉलनं तो उतरत नाही. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि त्याच अवस्थेत दवाखान्यात न्या. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काही घालू नका.

महालची_आजी
खिशात कांदा ठेवून पाठवा लेकरांना. आमच्याकडे सगळे ठेवतात.

बालरोग_रामदासपेठ
ठेवा आजी, पण सोबत पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा पाहिजेच. आणि बारा ते चार घरात.

महालची_आजी
ते तर आहेच बाप्पा. पन्हंही करून ठेवते. कैरी उकडून गर काढायचा, गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, कैरीच्या आंबटपणावर पाहून. वेलची, चिमूटभर मीठ, भाजल्या जिऱ्याची पूड. गर तसाच बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की ग्लासाला दोन चमचे आणि माठातलं पाणी, झालं. परदेशातल्या लेकरांसाठी पाणी उकळून गार केलेलं घ्या, माठही रोज धुवा.

तर्रीप्रेमी_सदर
भेटीगाठींचं वेळापत्रक उन्हावर बसवा. अमेरिकेतून आलेली मुलं पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जागी असतात. त्यांना बळंच झोपवण्यात अर्थ नाही. मेमध्ये साडेपाच-पावणेसहाला उजाडतं. सहाला अंबाझरी किंवा महाराजबाग, तिथून पोहे. मुलांच्या प्लेटमध्ये तर्री (तिखट रस्सा) नको, वर नुसता चना आणि सांबार म्हणजे कोथिंबीर टाकायला सांगा. आठ-साडेआठला घरी. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळ लवकर सरकतं. दुपारची झोप तासाभरात मोडायची, नाहीतर रात्र पुन्हा तीच.

नातेवाईकांकडे संध्याकाळी साडेसहानंतर. एका संध्याकाळी एकच घर, कारण प्रत्येक घरी जेवूनच जा म्हणतात आणि दुसऱ्या घरी मूल ताटावरच पेंगतं. मित्रमंडळींना घरोघरी भेटू नका. एक दिवस ठरवून सगळ्यांना फुटाळा तलावावर किंवा कुणाच्या गच्चीवर बोलवा. गच्चीवर बसायचं तर संध्याकाळी पाणी मारून घ्या, तरी आठपर्यंत फरशी चटका देते.

कागदपत्रे_प्रतापनगर
ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलेल्या मुलांचं : वीस वर्षांपर्यंत दर वेळी नवा पासपोर्ट मिळाला की तीन महिन्यांत पोर्टलवर पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो चढवायचा. कार्ड नवं काढायची गरज नाही. वीस पूर्ण झाल्यावर जो पासपोर्ट निघेल तेव्हा मात्र एकदा कार्ड पुन्हा काढायचं. लहान मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांत संपतात, म्हणून हे सारखं येतं.

एकटी आई किंवा एकटा बाप मुलांना आणत असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र नोटरी करून सोबत ठेवा. सगळीकडे मागत नाहीत, मागितलं तर काउंटरवर मिळणार नाही.

भेटीत आईबाबांच्या खात्यांना नॉमिनी लागलेत का तेही पाहा. आणि तुमचं स्वतःचं जुनं बचत खातं अजून साधंच असेल तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्या, नियम तसा आहे.

दोहाकर_वऱ्हाडी
दुपारी करण्यासारखं आहे हे काम. बँकेत एसीही असतो.

सोनू_मिनिसोटा
विजेचं कुणी लिहिलं नाही. अमेरिकेतून आणलेल्या वस्तूच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसता पिनचा अडॅप्टर पुरतो. केसांचं यंत्र, नेब्युलायझर, बाटली गरम करायचं भांडं यांवर बहुतेकदा नुसतं १२० असतं, ते २३० वर लावलं की जळतं. नेब्युलायझर इथलाच घ्या.

वर्धारोड_सूनबाई
२०२६ मध्ये येणाऱ्यांनी लक्षात घ्या, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. लग्नं नसतात, म्हणजे हॉल आणि नातेवाईक दोन्ही मोकळे. मुलगी-जावई येणार असतील तर घरी धोंड्याचं जेवण ठरलेलंच समजा. तेहतीस अनारसे लागतात आणि त्यांचं पीठ आयत्या वेळी होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत निथळून ओलसर असतानाच दळायचे आणि गूळ मिसळून निदान चार-पाच दिवस ठेवायचं. तेव्हा येण्याची तारीख आईला आठ-नऊ दिवस आधी तरी सांगा.

धरमपेठची_लेक (डॅलस)
संत्र्यांचंही सांगून ठेवते. मुलं विचारतात. मे-जूनमध्ये संत्री नसतात. संत्र्यांची पिकं दोन, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतो, आंबिया बहार ऑक्टोबरनंतर. या दिवसांत आंबा. मेमध्ये बैगनफल्ली, जूनमध्ये दशहरी आणि लंगडा.

सोनू_मिनिसोटा
आणि सरगुंडे, ते कणकेचं पोकळ वाळवण! आमरसासोबत. इकडे कुठंच मिळत नाहीत. आणता येतात का?

महालची_आजी
काहून नाही येणार. एप्रिलातच करून वाळवते मी. काडीवर गुंडाळलेले पोकळ असतात, दाबून भरले की चुरा होतो. स्टीलच्या डब्यात उभे भरायचे, वर कागदाचा बोळा. आधी दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, मोडला की कट् असा आवाज आला पाहिजे. शिजवताना उकळत्या पाण्यात मीठ, शिजले की लगेच चाळणीत.

पेटीवाला_काका
सरगुंडे, कुरड्या, पापड अमेरिकेत चालतात, कस्टमला खाण्याचे पदार्थ आहेत असं जाहीर करा, लपवू नका. ताजा आंबा नाही. ब्रिटन आणि युरोपवाल्यांनी पेढा, संत्रा बर्फी, तूप काहीच नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिथं सामानातून चालत नाहीत, काढून घेतात. ऑस्ट्रेलियाला प्रत्येक डबा जाहीर करायचा, बडीशेपसुद्धा.

सोनू_मिनिसोटा
आजी, एक डबा माझ्यासाठी.

महालची_आजी
तारीख सांग आधी.