मदत हवी आहे: इंटरनेट बंद असलेल्या पीसीवरून डीएनएसमार्फत डेटा बाहेर जातोय का?

धागाकर्ता:

नमस्कार मंडळी,

मी एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो. शाखांमधल्या काउंटरच्या पीसींना इंटरनेट दिलेलं नाही. वेब, मेल, एफटीपी सगळं फायरवॉलवर बंद, फक्त मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरपर्यंत रस्ता मोकळा. तरीही फायरवॉलच्या लॉगमध्ये आमचा डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा) एका अनोळखी डोमेनची सतत चौकशी करताना दिसतोय. डोमेन तेच, पण त्याच्या आधीचा भाग दर वेळी नवा, लांबलचक आणि अर्थहीन. बहुतेक क्वेरी टीएक्सटी रेकॉर्डच्या, म्हणजे उत्तरात मोकळा मजकूर मागणाऱ्या. शाखा बंद झाल्यावरही त्या येतच राहतात.

वाचून मला समजलं ते असं. पीसीला हल्लेखोराच्या सर्व्हरशी थेट बोलावंच लागत नाही. तो आमच्या डीएनएस सर्व्हरला नाव विचारतो, आमचा सर्व्हर पुढे विचारतो आणि शेवटी ती क्वेरी त्या डोमेनच्या नेमसर्व्हरपर्यंत, म्हणजे त्या डोमेनमधल्या नावांची अधिकृत उत्तरं देणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचते. तो नेमसर्व्हर हल्लेखोराच्या ताब्यात असेल, तर विचारलेलं नाव म्हणजेच चोरलेला डेटा. उलट दिशेने हुकूम पाठवायला टीएक्सटीचं उत्तर आहेच.

डीएनएसचे नियम सांगणाऱ्या १९८७ च्या आरएफसी १०३५ नुसार पूर्ण नाव २५५ बाइटपर्यंत आणि दोन टिंबांमधला तुकडा ६३ पर्यंत असू शकतो. एका खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर एवढ्यात आरामात मावतं. आमचे खातेदार रोज पिग्मी भरणारे भाजीवाले, रिक्षावाले आहेत. त्यांची माहिती अशी थेंबाथेंबाने बाहेर जात असेल तर मला ते आजच थांबवायचंय.

२०१६ मध्ये फायरआय या सायबरसुरक्षा कंपनीने मल्टिग्रेन या मालवेअरची माहिती दिली होती. ते दुकानांच्या बिलिंग यंत्रणेतून कार्डांचा डेटा फक्त डीएनएसवरून बाहेर काढायचं, कारण अशा ठिकाणी वेब आणि एफटीपी बंद ठेवता येतं, डीएनएस मात्र चालू ठेवावं लागतं. आमची मांडणी अगदी अशीच आहे.

आमचे साहेब म्हणतात, "इंटरनेटच नाही तर जाणार कसं?" अँटिव्हायरस पुरवणारे म्हणतात, आमच्याच प्रॉडक्टच्या क्वेरी असतील. फरक ओळखायचा कसा? फायरवॉलला फक्त डीएनएस सर्व्हरचा आयपी दिसतो, मग मूळ पीसी शोधू कसा? आणि पुरावा न घालवता आत्ता काय बंद करू?

रात्रपाळी:

अँटिव्हायरसवाल्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही. काही अँटिव्हायरस फाइलचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) सबडोमेनमध्ये, म्हणजे डोमेनच्या आधीच्या भागात घालून आपल्या क्लाउडला विचारतात. पण मग ते डोमेन कुणाचं हे त्यांनी लेखी द्यावं. दोन ओळींच्या मेलचं काम आहे, आजच मागा.

तोवर स्वतः बघा. हॅश बहुधा ० ते ९ आणि a ते f एवढ्यातच असतो आणि एकाच फाइलचा हॅश अनेक पीसींवरून पुन्हा पुन्हा येतो. चोरीतलं नाव सहसा परत येत नाही, कारण तेच नाव पुन्हा विचारलं तर मधला सर्व्हर कॅशमधून, म्हणजे आधी जपून ठेवलेलं उत्तर देतो आणि क्वेरी बाहेर पडतच नाही. डीएनएसमध्ये लहान आणि कॅपिटल अक्षरांचा भेद नसल्यामुळे बेस३२ ही डेटा ३२ चिन्हांत लिहिण्याची पद्धत बरीच वापरली जाते. त्यात a ते z आणि २ ते ७ एवढंच येतं. खूप नावं तपासूनही ०, १, ८, ९ एकदाही सापडले नाहीत तर सावध व्हा. अर्थात अक्षरमाला बदलता येते, त्यामुळे याला पुरावा समजू नका.

क्वेरींच्या संख्येवर मात्र विसंबू नका. सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेलं सनबर्स्ट हे मालवेअर डिसेंबर २०२० मध्ये उघड झालं. ते सुरुवातीला दोन आठवड्यांपर्यंत गप्प बसायचं. नंतर avsvmcloud.com च्या सबडोमेनमध्ये संस्थेच्या अंतर्गत डोमेनचं नाव सांकेतिक करून पाठवायचं. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट गेलं होतं, पण पुढचा हल्ला निवडकांवरच झाला. मोजक्या क्वेरी त्यासाठी पुरल्या.

मूळ पीसीसाठी डीएनएस सर्व्हरवरच क्वेरी लॉग चालू करा. विंडोज सर्व्हर असेल तर डीबग लॉगिंगमध्ये विचारणाऱ्याचा आयपी मिळतो. पीसीवर सिसमॉन (विंडोजमधल्या हालचालींची नोंद ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) असेल तर त्याच्या इव्हेंट २२ मधून, म्हणजे डीएनएस क्वेरीच्या नोंदीतून, क्वेरी करणारा प्रोग्रामही कळेल. पण विंडोजला न विचारता स्वतःच पोर्ट ५३ वर (डीएनएसचा ठरलेला पोर्ट) पॅकेट पाठवणारा प्रोग्राम त्यात दिसत नाही.

पीसी सापडला की नेटवर्कची केबल काढा, पण पीसी बंद करू नका, मेमरीतलं सगळं जाईल.

धागाकर्ता:

लॉग चालू केला. सगळ्या क्वेरी एकाच पीसीवरून येतायत आणि नावांत ०, १, ८, ९ कुठेच नाहीत. केबल काढलीय, पीसी चालू ठेवलाय. सिसमॉन नव्हतं, आता टाकू का?

रात्रपाळी:

आत्ता नको, आधी मेमरीची प्रत काढा. दुसऱ्या पीसीवरून एफटीके इमेजर (मेमरीची आणि डिस्कची प्रत काढणारं साधन) यूएसबीवर घ्या, तिथूनच चालवा आणि मेमरी त्याच यूएसबीवर उतरवा. संशयित पीसीवर काहीही इन्स्टॉल करू नका. ते डोमेन डीएनएस सर्व्हरवर अडवा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या पीसीत हेच असेल तर तेही लॉगमध्ये दिसेल. काउंटरच्या पीसींना बाहेरची नावं लागतच नसतील, तर त्यांच्यासाठी फक्त अंतर्गत नावांना उत्तर देणारा वेगळा डीएनएस सर्व्हर ठेवा. साहेबांच्या प्रश्नाला खरं उत्तर तेच आहे.

कोषाध्यक्ष:

सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. पतसंस्था नोंदणीकृत निगम असल्याने तुम्हालाही ते लागू आहे, असं मी धरून चालेन. साहेबांच्या परवानगीची वाट पाहण्यात ते ६ तास घालवू नका.