गोळ्या, इंजेक्शन, तांबी: तुम्हाला आधी कोणी काय सांगितलं नव्हतं? (अनुभव धागा)

सांजवात

बसस्टॉपवर उभी होते. समोरून येणाऱ्या बसची पाटी वाचायला गेले तर 'कात्रज'मधला 'का' दिसेचना. त्या जागी करवतीच्या दात्यांसारखी चमकणारी रेघ, हळूहळू मोठी होत जाणारी. वीसेक मिनिटांनी रेघ गेली आणि डोकं ठणकायला लागलं. कॉलेजपासून वर्षातून तीन-चारदा हे व्हायचं. आमच्या घरात अर्धशिशी सगळ्यांनाच, त्यामुळे कोणी फार मनावर घेतलं नाही.

बाविसाव्या वर्षी पीसीओडीसाठी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते, ते) गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या. पाळी वेळेवर यायला लागली, चेहरा स्वच्छ झाला. लग्नानंतर पाळणा लांबवायचा होता म्हणून त्याच पुढे चालू ठेवल्या. आठ वर्षं घेतल्या. या काळात तीन डॉक्टर झाले. वजन, सोनोग्राफी, सगळं झालं. चौथ्या बाईंनी विचारलं, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही चमकतं का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. अशी अर्धशिशी असलेल्या बाईला एस्ट्रोजेन या हार्मोनची गोळी द्यायची नसते, आणि माझ्या गोळीत तेच होतं. पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळी त्याच दिवशी बंद झाली.

मला काही झालं नाही. पण एक साधा प्रश्न विचारला जायला आठ वर्षं लागली, याचा राग अजून जात नाही.

म्हणून हा धागा. कुठलं साधन सगळ्यांत चांगलं यावर वाद नको, कारण एकीला मानवतं ते दुसरीला मानवत नाही. तुम्ही काय वापरलंत, काय झालं आणि आधी कोणी काय सांगायला हवं होतं, तेवढं लिहा. डू आयडीने (खरं नाव लपवून दुसऱ्या नावाने) लिहिलंत तरी चालेल.

रानजाई

माझी गोळी गर्भनिरोधक नव्हतीच, आणि गोंधळ तिथेच झाला.

गौरी-गणपतीच्या आधी मुंबईत मेडिकलमध्ये काही समजावून सांगावं लागत नाही. "पाळी पुढे ढकलायची गोळी" म्हटलं की पट्टी हातात. तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन. मी दर वर्षी घ्यायचे. त्या वर्षी चिपळूणला दहा दिवस राहिलो. रोज तीन-तीन हार्मोनच्या गोळ्या पोटात जातायत म्हणजे दिवस राहायचा प्रश्नच नाही, असं मी आणि नवऱ्याने धरून चाललो. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी यायची. या वेळी दहा दिवस वाट पाहिली आणि मग टेस्ट केली.

नोरएथिस्टेरॉनची ती गोळी पाळी लांबवते. त्या पद्धतीने घेतली तर तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबायचं नसतं. हे मला चौदाव्या आठवड्याच्या तपासणीला कळलं. मुलगी आता सहावीत आहे, आमच्या घरात तिच्याशिवाय पान हलत नाही. पण तेव्हाचे ते रडून काढलेले दोन आठवडे मला टाळता आले असते.

आणखी एक. माझ्या नणंदेच्या पायात पूर्वी रक्ताची गुठळी झाली होती. तिला डॉक्टरांनी ही गोळी ठाम नाकारली, कारण शरीरात तिचा थोडा भाग एस्ट्रोजेनमध्ये बदलतो. मेडिकलवाला हे विचारत नाही. देवाला आपली पाळी चालत नाही म्हणून जीव धोक्यात घालायचा का, हेही एकदा घरात बोलायला हवं. आम्ही बोललो. आता मी गोळी घेत नाही आणि मोदक मीच करते.

मुक्ता_न

मला सांगितलं गेलं, म्हणून लिहिते. टीबीची औषधं सुरू करताना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "पाळणा लांबवायची गोळी चालू आहे का?" होती. टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे ती गोळी निकामी ठरते. त्यांनी उपचार संपेपर्यंत आणि नंतरही महिनाभर दुसरं साधन वापरायला लावलं. फिटच्या काही औषधांचंही असंच असतं म्हणे. सर्दी-खोकल्याच्या नेहमीच्या अँटिबायोटिकने मात्र असं होत नाही, तेही त्यांनीच सांगितलं.

उपकेंद्रातली

मराठवाड्यात अठरा वर्षं एएनएम (उपकेंद्रातली नर्स) आहे. इथे मी सांगणाऱ्यांतली, त्यामुळे माझी चूक आधी लिहिते.

२०१७ मध्ये पाळणा लांबवायचं 'अंतरा' इंजेक्शन आलं. तीन महिन्यांतून एकदा, फुकट. त्याआधी आमच्याकडे निरोध, माला-एनच्या गोळ्या, तांबी आणि ऑपरेशन. बायकांना इंजेक्शन आवडलं, कारण गादीखाली पट्टी लपवावी लागत नाही आणि सासूला कळत नाही. सुरुवातीच्या दिवसांतली एक बाई, वय तेवीस, दोन लेकरं. त्या दिवशी लसीकरण होतं, बाहेर रांग. मी इंजेक्शन दिलं, कार्डावर तारीख लिहिली, "चोळू नको" म्हटलं आणि पुढचीला बोलावलं.

पाच आठवड्यांनी ती आली. "सिस्टर, अंगावरून थांबतच नाही." एकोणीस दिवस सासूने चुलीला शिवू दिलं नव्हतं. नवरा म्हणत होता, कसलं इंजेक्शन घेऊन आलीस? जीवाला धोका होईल इतकं जात नव्हतं, थेंब थेंब होतं. पहिल्या इंजेक्शनानंतर असं पुष्कळ जणींना होतं आणि पुढे कमी होतं. पण मी ते आधी सांगितलंच नव्हतं. तिने दुसरं घेतलं नाही. सात महिन्यांनी पोट घेऊन आली.

तेव्हापासून रांग असली तरी आधी बसवते. पहिले काही महिने पाळी कधीही येईल, मग कदाचित येणारच नाही. यावर हमखास प्रश्न येतो, "मग ती घाण पोटात साचत असंल की?" मी सांगते, आतलं अस्तर जाडच होत नाही, तर पडणार काय आणि साचणार काय? हे एक वाक्य पटलं की निम्मी भीती जाते. तारीख हुकली तर चार आठवड्यांपर्यंत पुढचं देता येतं, घाबरून घरी बसू नका. हाडं थोडी विरळ होतात, बंद केल्यावर भरून येतात. आणि लवकर मूल हवं असेल तर हे घेऊ नका. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. नव्या सुनेला हे नाही सांगितलं तर लोक तिला वांझ ठरवून मोकळे होतात.

गोळ्यांचंही एक लिहिते. एकीचे मालक पुण्याला वॉचमन, पंधरा दिवसांनी घरी यायचे. ते आले की ही दोन दिवस गोळी घ्यायची, ते गेले की पट्टी बंद. एक पाकीट सहा महिने पुरलं याचं तिला समाधान. दिवस गेले तेव्हा म्हणाली, "तुमची गोळी खोटी." गोळी अंडं बाहेर पडू देत नाही, आणि त्यासाठी ती रोज लागते, नवरा घरी असो वा नसो. आम्ही 'रोज एक' म्हणालो होतो. का, ते कोणीच सांगितलं नव्हतं.

वेणू

उपकेंद्रातली ताई, दंडवत. यात भर घालते. माला-एनच्या अठ्ठावीस गोळ्यांत एकवीस हार्मोनच्या आणि सात नुसत्या लोहाच्या. त्या सात विसरल्या तर बिघडत नाही. पण नवं पाकीट सुरू करायला दोन दिवस उशीर झाला तर मोठा घोळ होतो, कारण मधली सुट्टी लांबते. मी उलट समजत होते. पाकिटाच्या मधली एक चुकली की रात्रभर झोप नाही, आणि नवं पाकीट मात्र "सोमवारपासून बघू".

तुळशीवृंदावन

इंग्लंडमधल्या लेस्टरमधून. इथे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) सगळी साधनं फुकट मिळतात. मी दंडात बसवायची हार्मोनची काडी घेतली. आगपेटीतल्या काडीएवढी, लवचिक, तीन वर्षांची. दंड बधिर करून दहा मिनिटांत आत. अंघोळीला साबण लावताना ती बोटाखाली सरकायची.

मला सगळं आधी सांगितलं होतं. छापील कागद दिला, रक्तस्राव कसाही होऊ शकतो हे नर्सने दोनदा बजावलं. तरी सात महिने रोज थोडं थोडं चालू राहिलं तेव्हा मी कंटाळून गेले. माहिती असली तरी अंगाला सोसतंच असं नाही. पण ज्या दिवशी फोन केला त्याच आठवड्यात काढून दिली. "अजून थोडे दिवस बघा" म्हणून कोणी परत पाठवलं नाही. बसवताना जेवढी चौकशी कराल, तेवढीच "काढायची झाली तर कुठे, कोण, किती दिवसांत" याची करा.

पिंपळपान

धाकटा अंगावर पीत होता, पाळी आली नव्हती, म्हणून निर्धास्त होते. तो आठ महिन्यांचा, वरचं खायला लागलेला. अंगावर पाजताना दिवस जात नाहीत हे खरं, पण त्याला तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईचं दूध, आणि पाळी सुरू झालेली नसणं. यातली एक मोडली तरी भरवसा नाही. माझ्या दोन मोडल्या होत्या. गर्भपात करावा लागला. आईने, सासूने, शेजारणीने सगळ्यांनी अर्धंच सांगितलं होतं, कारण त्यांनाही अर्धंच ठाऊक होतं.

त्यानंतर आशाताईंनी 'छाया' दिली. हीच बाजारात 'सहेली' म्हणून मिळते, लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेली. यात हार्मोन नसतं, त्यामुळे पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मी बुधवार-रविवार धरले होते. कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी फुली. पाळी लांबायची, कधी चाळीस दिवसांवर जायची, आणि दर वेळी छातीत धस्स व्हायचं. हे औषधाचंच लक्षण आहे, हे आशाताईंना माहीत होतं म्हणून निभावलं.

कृष्णाकाठ

वय त्रेचाळीस, शिक्षिका. पाळीत गडद साडीच नेसायची, रात्री चादर दुहेरी, सलग दोन तास वर्गात उभं राहवत नव्हतं. हिमोग्लोबिन ७.२. पहिले डॉक्टर म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? पिशवी काढून टाकू." मी तारीखही घेतली होती. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सरसकट काढल्याच्या बातम्या वाचलेल्या होत्या, म्हणून मन थांबलं. दुसरीकडे गेले.

तिथे सोनोग्राफी आणि आतल्या अस्तराची तपासणी करून हार्मोनची तांबी सुचवली. 'तांबी' ऐकून मी नाहीच म्हटलं, कारण जावेची पाळी तांबीनेच वाढली होती. दोन्ही वेगळ्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. तांब्याच्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, हार्मोनच्या तांबीने उलट कमी होतो. पैसे बरेच गेले. पहिले चार महिने थेंब थेंब होत राहिलं. वर्षाने हिमोग्लोबिन ११.६. पिशवी जागेवर आहे.

डू आयडी_७

सांजवात, तुमचं वाचून लिहिते. वय सदतीस. सहा वर्षं मेडिकलमधून तीच पट्टी आणते, कोणाला दाखवलेलं नाही. मला डोळ्यांसमोर काही चमकत नाही. पण बीपी कधी मोजलं नव्हतं. आज शेजारच्या काकांच्या मशीनवर मोजलं, १५२/९८. अर्ध्या तासाने परत, १५०/९६. गोळीचा संबंध असतो का?

सांजवात

असतो. बीपी वाढलेलं असताना एस्ट्रोजेनची गोळी चालू ठेवायची नसते. उद्याच डॉक्टरांकडे जा, पट्टी सोबत न्या, सहा वर्षं घेताय हे स्वतःहून सांगा. गोळीऐवजी निरोध वापरा, मध्ये खंड नको. जाऊन आल्यावर इथे लिहाल?

डू आयडी_७

गेले होते. त्यांनी दोन्ही हातांवर मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं. गोळी बंद. बीपीचं औषध आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. पाळी आली की तांब्याची तांबी बसवायची ठरली, पाच वर्षांची. कृष्णाकाठ ताईंचं वाचलं होतं म्हणून पाळी वाढेल का हे आधीच विचारलं. माझी पाळी मुळात कमी असते, तेव्हा बघू म्हणाल्या, आणि नाही मानवली तर कधीही काढून देईन म्हणाल्या. धाकटी बहीणही तीच पट्टी घेते, मीच लावून दिली होती तिला. रविवारी तिला घेऊन जाणार आहे.