कमी खर्चात उद्ध्वस्त भविष्य कसे दाखवावे?

सत्तरीकर: नमस्कार. आम्ही पाच मित्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, 2012 पासून बंद असलेल्या एका खाणीच्या आसपास, सूडकथेवरचा लघुचित्रपट करू पाहत आहोत. काळ भविष्यातला, इंधन संपत आलेले, कायदा नावापुरता उरलेला. हाताशी दोन मोटारसायकली, एक जुनी जीप आणि जेमतेम दीड लाख रुपये आहेत. 1979 चा ‘मॅड मॅक्स’ अनेकदा पाहिला, पण हे भविष्य आहे हे तो इतक्या थोड्या साधनांत कसे पटवून देतो, ते नेमके उमगलेले नाही. पटकथेत आम्ही एक पहारामनोरा योजला आहे. तो उभारायचाच झाला, तर निम्मे पैसे त्यातच जातील.

मांडवीकाठ: मनोरा काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी ‘मॅड मॅक्स’ सुमारे साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, मेलबर्नच्या परिसरात केला आणि त्यात नवे जग जवळजवळ बांधलेच नाही. ‘आजपासून काही वर्षांनी’ एवढीच सूचना सुरुवातीला येते. पुढे दिसतात ते ओसाड रस्ते, पोलिसांचे मोडकळीला आलेले कार्यालय आणि जुजबी पगारावर गाड्या पळवणारे शिपाई. 1973 च्या तेलटंचाईची आठवण ताजी असल्याने प्रेक्षकाला उरलेले आपसूक कळत होते. आपल्याकडे तांबड्या धुळीने माखलेला रस्ता आहे, ज्यावरून एकेकाळी खनिजाचे ट्रक रांगेने जात. तोच रस्ता रिकामा दाखवा. गोव्यातल्या प्रेक्षकाला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

साखळीचा वाचक: वरील मताशी सहमत आहे, मात्र सूडाबद्दलही बोलायला हवे. मिलर डॉक्टर होते, अपघातात सापडलेली माणसे त्यांनी रुग्णालयात जवळून पाहिली होती, आणि तरीही (मला वाटते म्हणूनच) नायकाची पत्नी आणि मूल चिरडले जातात तो क्षण ते थेट दाखवत नाहीत. डांबरी रस्त्यावर घरंगळणारा एक लहानसा बूट तेवढा दिसतो. हा आघातही चित्रपट बराच पुढे सरकल्यावर होतो. तोवर आपण त्या घरात राहिलेले असतो, त्यामुळे अखेरचा थोडक्यात उरकलेला सूड अंगावर येतो. आपल्या पटकथेत खून दुसऱ्याच पानावर असेल, तर तो मागे न्यावा.

एक काळजीची गोष्ट. बंद खाणींच्या खड्ड्यांत खोल पाणी साचलेले असते आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या कडा ढासळतात. परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नका आणि मोटारसायकली काठाजवळ मुळीच नेऊ नका.

सत्तरीकर: दोघांचेही मनापासून आभार. खून खरोखरच दुसऱ्या पानावर होता. मनोरा रद्द केला असून खाणीच्या आत न जाता बाहेरच्या रस्त्यावरच चित्रीकरण करू. पहिल्या दृश्यात आता नायकाची आई रिकाम्या टाकीच्या तळाशी राहिलेले पेट्रोल फडक्याने टिपून बाटलीत पिळते आहे.